संगणकावरील गणित-चाचणी आणि कागदावरील गणित-चाचणी

(तालुका शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या काही वर्षांत आपल्या तालुक्यातील पुष्कळ शाळांत, कोठे शासकीय योजनेतून तर कोठे ग्रामस्थांच्या वर्गणीतून, टॅब आणि संगणक आले आहेत. प्रारंभी ते कपाटात असत. आता ते मुलांच्या हाती येऊ लागले आहेत, आणि त्यांवर गणिताच्या चाचण्या घेण्याची प्रथाही हळूहळू रूढ होत आहे. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु त्याबरोबर एक प्रश्न उभा राहतो व तो आपण पुरेसा विचारात घेतलेला नाही असे मला वाटते. एकाच मुलाने कागदावर मिळविलेले गुण आणि संगणकावर मिळविलेले गुण एकच समजावे काय? दोहोंत अंतर पडले तर त्याचा दोष मुलाच्या गणिताकडे जातो, शिक्षकाच्या शिकवण्याकडे जातो, की चाचणीच्या साधनाकडे जातो?

हा प्रश्न माझ्यापुढे माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे उभा राहिला. म्हणून प्रथम ती चूक आपणांपुढे ठेवतो.

माझ्या बीटमधील एका द्विशिक्षकी शाळेला मी भेट दिली होती. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. चौथीच्या वर्गाची गणिताची चाचणी त्या दिवशी टॅबवर चालू होती. चाचणी संपताच निकाल पडद्यावर आला. बेरीज, वजाबाकी व गुणाकार या तिन्हींत वर्ग बराच मागे दिसला. एका मुलीचे उत्तर मी मुद्दाम उघडून पाहिले. ५०२ मधून २६७ वजा करावयाचे होते आणि तिने उत्तर दिले होते ५३२. ज्या संख्येतून वजा करावयाचे तिच्याहूनही उत्तर मोठे! चौथीच्या अखेरीस मुलीला वजाबाकीचा अर्थदेखील कळू नये याचा मला खेद वाटला. मी शेरेबुक मागविले आणि त्यात लिहिले : ‘इयत्ता चौथीची मूलभूत क्रियांतील तयारी असमाधानकारक. वर्गशिक्षिकेने विशेष लक्ष द्यावे.’ बाईंनी एक शब्दही न बोलता खाली सही केली. त्या निकालावरून मुलांचे अध्ययन स्तर ठरले, आणि ती मुलगी दोन अंकी वजाबाकीच्या गटात जाऊन बसली.

सुमारे तीन आठवड्यांनी शालेय पोषण आहाराच्या नोंदी पाहण्यासाठी मी पुन्हा त्याच शाळेत गेलो. वर्गात डोकावलो तेव्हा तीच मुलगी पाटीवर उदाहरण सोडवीत होती. सहज म्हणून मी तिला तेच उदाहरण घातले. तिने उभी मांडणी केली, शून्यावरून दशक मिळत नाही म्हणून शतक सुटे केले, आणि बिनचूक २३५ उत्तर काढले. मी चकित झालो. बाईंना म्हणालो, “हे तीन आठवड्यांत शिकवलंत का?” बाई म्हणाल्या, “नाही साहेब. हे तिला दिवाळीपासून येतं.”

तेव्हा मी टॅब मागविला व तिच्या शेजारी बसलो. पाटी बाजूला ठेवावयास सांगितली, कारण चाचणीच्या दिवशीही पाटी अथवा कागद दिलेला नव्हता. ती पडद्यावरील संख्यांकडे पाहू लागली. ओठांतल्या ओठांत म्हणाली, बारातून सात गेले, पाच राहिले. आणि तिने पाचाची कळ दाबली. नवातून सहा गेले, तीन. तीनाची कळ दाबली. चारातून दोन गेले, दोन. दोनाची कळ दाबली. उत्तराच्या चौकटीत उमटले ५३२.

मी विचारले, “बाळ, तू उलटं का लिहिलंस?” ती गोंधळून म्हणाली, “साहेब, मी एककापासूनच लिहिलं. बाईंनी तसंच शिकवलंय.”

बंधुभगिनींनो, त्या मुलीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार या क्रिया आपण एककापासून सुरू करावयास शिकवितो. पाटीवर मूल उजवीकडून डावीकडे सरकते. टॅबच्या चौकटीत मात्र अंक डावीकडून उजवीकडे उमटतात. पाटीवर एककाच्या जागी पाच लिहिला की तो एककाच्याच जागी राहतो. चौकटीत प्रथम दाबलेला पाच पुढील दोन कळा दाबताच शतकाच्या जागी जाऊन बसतो. मग मला आणखी एका गोष्टीचा उलगडा झाला. त्याच चाचणीत ७८४ भागिले ७ या उदाहरणाचे उत्तर तिने ११२ असे बरोबर दिले होते. भागाकारात आपण शतकापासून आरंभ करतो व उत्तर डावीकडूनच लिहीत जातो. म्हणून तेथे यंत्राची आणि मुलीची चाल एकच होती. जिला भागाकार येतो तिला वजाबाकी येत नाही, ही विसंगती पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात यावयास हवी होती. मी निकाल पाहिला, पण उत्तरे वाचली नाहीत. चूक झाली ती येथे.

आता या एका उदाहरणाचाच थोडा अधिक विचार करू. ५०२ वजा २६७ याचे उत्तर एखाद्या मुलाने ३६५ दिले, तर त्याने प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला हे उघड आहे. त्याला दशक सुटे करण्याची कल्पना नाही. दुसऱ्याने ३३५ दिले, तर त्याने शून्याचे नऊ केले, परंतु शतकातून एक कमी करावयाचे तो विसरला. तिसऱ्याने ५३२ दिले, तर त्याची वजाबाकी निर्दोष असून त्याला केवळ कळा दाबण्याचा क्रम सांगावयाचा राहिला आहे. तिन्ही उत्तरांना यंत्राने एकच फुली दिली. पण तिघांवरील उपचार अगदी भिन्न आहेत, आणि तिसऱ्याला तर गणिताच्या उपचाराची गरजच नाही. त्याला खालच्या गटात बसविणे म्हणजे ताप नसलेल्या मुलाला तापाचे औषध पाजण्यासारखे होय.

मुलांच्या चुकांना त्यांचे स्वतःचे नियम असतात, ही गोष्ट विद्वानांनीही मांडलेली आहे. अमेरिकेतील जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली वजाबाकीतील चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुले वाटेल तसे चुकत नाहीत; एखादा चुकीचा नियम ती निष्ठेने पाळतात, आणि तो नियम ओळखला की पुढील उत्तरे कोणती येतील हेही सांगता येते, असे त्यांनी दाखविले. विशेष असे की हे काम त्यांनी संगणकाच्याच साहाय्याने केले. म्हणजे चूक कोणत्या जातीची आहे हे ओळखण्यास यंत्र असमर्थ आहे असे नव्हे. तशी योजना कोणीतरी त्यात करावी लागते, एवढेच. आपल्या हाती येणाऱ्या साध्या चाचण्यांत बहुधा ती नसते. तेथे ते काम शिक्षकाने करावयाचे असते.

पडद्यावर गणित सोडविताना मुलांपुढे याहून निराळ्या अडचणीही येतात. त्यांतील काही मी या प्रसंगानंतर लक्षपूर्वक पाहिल्या आहेत.

पहिली अडचण अंकांची. मराठी माध्यमातील आपली लहान मुले देवनागरी अंक लिहितात. कळफलकावर बहुधा आंतरराष्ट्रीय अंक असतात. आंतरराष्ट्रीय नऊ हा आपल्या एकासारखा दिसतो आणि आंतरराष्ट्रीय आठ हा आपल्या चारासारखा. मोठ्या माणसाला यात काही वाटत नाही. परंतु नुकतीच अंकओळख झालेले मूल घाईत एकाऐवजी नऊ दाबते, आणि यंत्र ते गणिताचे अज्ञान म्हणून नोंदविते.

दुसरी अडचण अपूर्णांकांची. कागदावर अंश वर, छेद खाली आणि मध्ये रेघ हे मूल एका हातासरशी लिहिते. पडद्यावर त्यासाठी दोन चौकटी शोधाव्या लागतात किंवा तिरप्या रेघेची कळ हुडकावी लागते.

तिसरी अडचण कच्च्या कामाची. शाब्दिक उदाहरण कागदावर असले म्हणजे मूल महत्त्वाच्या संख्येखाली रेघ ओढते, आकृतीवर लांबी-रुंदी लिहिते, समासात बेरीज करते. पडद्यावर हे काहीच करता येत नाही. पडद्यावरून संख्या पाहावयाची, वहीत उतरवावयाची, उत्तर काढावयाचे व पुन्हा पडद्यावर आणावयाचे, अशी येरझार करावी लागते, आणि प्रत्येक फेरीत चूक होण्याचा संभव असतो. वहीच दिली नाही तर सारा भार स्मरणावर पडतो.

चौथी अडचण लांब प्रश्नांची. प्रश्न पडद्यावर मावला नाही तर खालचा भाग पाहताना वरचा भाग दृष्टीआड होतो. कित्येक चाचण्यांत मागील प्रश्नाकडे परत जाण्याचीही सोय नसते. सोपी उदाहरणे आधी सोडवा आणि अवघड मागून घ्या, ही आपण आजवर दिलेली शिकवण तेथे निरुपयोगी ठरते.

आपणांपैकी कोणी म्हणेल की या खेड्यातील मुलांच्या अडचणी झाल्या. जेथे घरोघरी संगणक आहेत तेथे असे काही होत नसेल. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत राष्ट्रीय शैक्षणिक पाहणीच्या वतीने २००१ साली आठवीच्या विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला आणि त्याचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. तुल्यबळ अशा दोन गटांपैकी एकाने गणिताची चाचणी संगणकावर दिली, दुसऱ्याने कागदावर. संगणकावरील गटाची सरासरी सुमारे ४ गुणांनी कमी भरली; हे गुण ज्या मापनश्रेणीवर मोजले तिची सरासरी २०० च्या आसपास होती. अंतर मोठे नाही. परंतु त्या अहवालातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कागदावरील गणित सारखेच येत असलेल्या मुलांतही ज्यांचा हात संगणकावर अधिक बसलेला होता, त्यांना संगणकावरील चाचणीत अधिक गुण मिळाले. म्हणजे गणिताच्या गुणांत गणिताखेरीज आणखी काहीतरी मिसळले होते.

आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ परीक्षा २०१५ साली बहुसंख्य देशांत कागदावरून संगणकावर गेली. तत्पूर्वी २०१४ साली जी पूर्वतपासणी झाली, तिच्यातील जर्मनी, स्वीडन व आयर्लंड या देशांतील मुलांच्या उत्तरांचा पुढे अभ्यास झाला. तेथेही संगणकावर बसलेली मुले कागदावर बसलेल्या मुलांच्या मागे राहिलेली आढळली. संयोजकांनी गुणांत जो मेळ घातला त्याने हे अंतर पुष्कळसे कमी झाले, पण पूर्णपणे नाहीसे झाले नाही.

तिसरे उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे आहे. तेथे २०१५ साली एक नवी परीक्षा काही शाळांनी संगणकावर व काहींनी कागदावर घेतली. गणितात संगणकावरील मुले प्रमाण विचलनाच्या सुमारे एक दशांश इतकी मागे पडली. ही भाषा आपल्या परिचयाची नसेल, म्हणून सोपे करून सांगतो. शंभर मुले गुणानुक्रमे रांगेत उभी केली, तर मधोमध उभे असलेले मूल केवळ साधन बदलल्यामुळे सुमारे चार जागा मागे गेले. मात्र दुसऱ्या वर्षी हे अंतर कमी झाले. सराव होताच यंत्राचा अडसर कमी होऊ लागतो हा त्याचा अर्थ, आणि आपल्या दृष्टीने तो मोठा आशादायक आहे.

‘टिम्स’ या गणित व विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेने २०१९ साली याहून सावध मार्ग पत्करला. सुमारे निम्म्या देशांत परीक्षा संगणकावर झाली व उरलेल्यांत कागदावर. जे देश संगणकाकडे वळले त्यांतील काही मुलांची चाचणी मुद्दाम कागदावरही घेण्यात आली, म्हणजे जुन्या व नव्या गुणांमध्ये पूल बांधता यावा. एवढ्या मोठ्या संस्था हा पूल बांधल्यावाचून दोन प्रकारच्या गुणांची तुलना करीत नाहीत. आपण मात्र गतवर्षीचे कागदावरील गुण व यंदाचे टॅबवरील गुण एकाच तक्त्यात शेजारी शेजारी लिहितो, आणि अमुक शाळा घसरली असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. हे मी स्वतः केले आहे, म्हणून बोलण्याचा मला अधिकार आहे.

तर मग कागदच बरा, संगणक कपाटात परत ठेवावा, असे कोणाच्या मनात येईल. माझे म्हणणे तसे मुळीच नाही. कागद हेही शेवटी एक साधनच आहे आणि तोही काही निर्दोष आरसा नव्हे. ब्राझील देशातील रेसीफे शहरात नारळ व फळे विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात गिऱ्हाइकाने घातलेले हिशेब त्या मुलांनी शंभरात सुमारे अठ्ठ्याण्णव बरोबर केले. त्याच संख्या कागदावर नुसती उदाहरणे म्हणून मांडून दिल्या, तेव्हा शंभरात सुमारे सदतीसच बरोबर आल्या. आपल्या देशातील कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीही असाच अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला आहे. बाजारातले हिशेब चटकन करणारी मुले शाळेतल्या उदाहरणांत अडखळली, आणि शाळेतली उदाहरणे सोडविणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडखळली. आठवडी बाजाराच्या दिवशी आईबरोबर भाजी विकणारा आपला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे गप्प का उभा राहतो, याचे उत्तर यात काही अंशी सापडेल.

शिष्यवृत्ती परीक्षा आणि नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा यांचा अनुभव तर आपणां सर्वांनाच आहे. तेथे प्रश्न कागदावर असतो, परंतु उत्तर वर्तुळ काळे करून द्यावे लागते. एक वर्तुळ चुकून खालच्या ओळीत गेले की पुढील सारी उत्तरे एकेक घर सरकतात. म्हणून तर आपण त्या मुलांकडून वर्तुळे भरण्याचा सराव महिनोन्‌महिने करून घेतो. टॅबच्या चाचणीपूर्वी मात्र असा सराव द्यावा हे आपल्या मनात येत नाही. टॅब मुलांना आवडतो, म्हणून तो त्यांना येतोच, असे आपण गृहीत धरतो. चित्रे पाहणे आणि खेळ खेळणे वेगळे; अपूर्णांक लिहिणे वेगळे.

संगणकाचे गुणही मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. चाचणी संपताच निकाल हाती येतो. एकट्या शिक्षकाला तीन-चार वर्गांचे पेपर तपासण्यात जो वेळ घालवावा लागतो तो वाचतो, आणि तो वेळ मुलांसाठी वापरता येतो. ज्याचे वाचन कच्चे आहे त्याला प्रश्न ऐकविण्याची सोय यंत्रात करता येते. मग गणित येत नाही की वाचता येत नाही, हे वेगळे कळते. दृष्टी मंद असलेल्या मुलासाठी अक्षर मोठे करता येते. तपासणाऱ्याच्या मनःस्थितीनुसार गुण कमी-अधिक होत नाहीत. मुलाच्या उत्तरांनुसार पुढील प्रश्न सोपा अथवा अवघड देण्याची योजनाही काही चाचण्यांत असते. त्यामुळे मागे असलेले मूल अवघड प्रश्नांच्या माऱ्याने खचून जात नाही.

शिवाय आपल्या मुलांना पुढे या वाटेने जावेच लागणार आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी असलेली ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ परीक्षा २०१८ पासून, आणि आपल्या राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. शहरातील मुलाने तोपर्यंत संगणकावर शंभर चाचण्या दिलेल्या असतील आणि आपल्या मुलाची ती पहिलीच असेल, तर अन्याय कोणावर होईल हे सांगावयास नको. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. जेईईसारख्या संगणकीय परीक्षेत सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनाही कच्च्या कामासाठी कागद पुरविला जातो. मग आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला तो नाकारण्याचे कारण काय?

तेव्हा संगणक हवा की कागद हवा, हा वाद घालण्यात अर्थ नाही. कोणत्या कामाला कोणते साधन, आणि त्या साधनाने दिलेल्या गुणांवर किती विसंबावे, एवढे आपणांस ठरवावयाचे आहे. त्या दृष्टीने माझ्या बीटमधील शाळांनी पुढील गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. इतर बीटमधील मित्रांनाही त्या उपयुक्त वाटल्यास त्यांनी स्वीकाराव्यात.

एक. टॅबवरील गणिताच्या प्रत्येक चाचणीत मुलाजवळ पाटी अथवा कोरा कागद असलाच पाहिजे. प्रथम त्यावर उदाहरण सोडवावे व पूर्ण उत्तर तयार झाल्यावरच ते पडद्यावर उतरवावे, हा नियम मुलांच्या अंगवळणी पाडावा.

दोन. गुण मोजल्या जाणाऱ्या चाचणीपूर्वी निदान दोन वेळा बिनगुणांचा सराव द्यावा. त्यात अंक उमटविणे, उमटविलेला अंक पुसणे, अपूर्णांक व दशांश चिन्ह लिहिणे, एवढेच शिकवावे. उदाहरणे मुद्दाम अगदी सोपी घ्यावीत. दोन अधिक एक हेदेखील ज्याला पडद्यावर लिहिता आले नाही, त्याची अडचण गणिताची नाही हे तत्काळ कळेल.

तीन. वाचून दाखविण्याचा सराव ठेवावा. उत्तर पडद्यावर उतरविल्यानंतर मुलाने ते मनाशी वाचावे. ‘पाचशे बत्तीस’ असे त्या मुलीने स्वतः एकदा म्हटले असते, तर तिची चूक तिलाच सापडली असती. उत्तराचा अदमास घेण्याची सवयही याच निमित्ताने लागेल.

चार. निकालाची टक्केवारी पाहून थांबू नये. प्रत्यक्ष उत्तरे उघडून वाचावीत. उलट क्रमाने आलेली उत्तरे, एकाऐवजी नऊ अथवा चाराऐवजी आठ अशी उत्तरे वेगळी काढावीत.

पाच. जे मूल वर्गातील नित्याच्या कामाच्या मानाने टॅबवर फार खाली गेले, त्याला त्यातलीच चार-पाच उदाहरणे दोन दिवसांत पाटीवर अथवा कागदावर घालावीत, आणि शिक्षकाने शेजारी बसून ती कशी सोडविली जातात हे पाहावे. त्यानंतरच त्याचा अध्ययन स्तर ठरवावा.

सहा. कागदावरील व टॅबवरील गुण एकाच रकान्यात लिहू नयेत. चाचणी कोणत्या साधनाने घेतली हे नोंदवहीत स्पष्ट लिहावे. शाळा-शाळांची तुलना करताना साधन एकच आहे की नाही हे प्रथम पाहावे. ही सूचना शिक्षकांइतकीच आम्हा पर्यवेक्षकांना लागू आहे, किंबहुना अधिक.

या सहांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही, थोडा वेळ मात्र लागतो. टॅबमुळे पेपर तपासण्याचा जो वेळ वाचतो त्यातील काही भाग येथे खर्च करावा, एवढेच माझे मागणे आहे.

शेवटी त्या शाळेविषयी सांगून माझे भाषण संपवितो. शेरेबुकातील शेरा खोडता येत नाही व पानही फाडता येत नाही. म्हणून त्याच दिवशी मी त्या शेऱ्याखाली दुसरा शेरा लिहिला : ‘वरील शेरा केवळ टॅबवरील निकालावरून लिहिलेला होता. आज मुलांना पाटीवर उदाहरणे घालून पाहिली. वर्गाची तयारी समाधानकारक आहे. चूक पाहणाऱ्याची होती.’ बाईंनी तो वाचला व पूर्वीप्रमाणेच मुकाट्याने सही केली. परंतु या खेपेस त्यांचे डोळे भरून आले होते. पहिल्या शेऱ्याने त्यांच्या मनाला काय वाटले असेल याची मला तेव्हा कल्पना आली. आपण लिहितो तो एक ओळीचा शेरा. ऐकून घेणाऱ्याला तो वर्षभर पुरतो.

ती मुलगी त्याच दिवशी आपल्या गटात परत गेली. परंतु मधल्या तीन आठवड्यांत ती काय समजली असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. वजाबाकी येत असूनही आपल्याला ती येत नाही असे तिला यंत्राने सांगितले, मी सांगितले, आणि शाळेनेही तिला मागच्या गटात बसवून तेच सांगितले. नऊ वर्षांचे मूल इतक्या जणांविरुद्ध आपल्या पाटीवर विश्वास कसा ठेवणार? गणिताची भीती मुलांच्या मनात कशी शिरते याची चर्चा आपण अनेक परिषदांतून करतो. ती एका वाटेने शिरताना मी पाहिली आहे, आणि ते दार मी स्वतः उघडले होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, साधने बदलत राहतील. आपल्या वाडवडिलांनी धुळाक्षरे गिरविली, आपण पाटी वापरली, आपली मुले टॅब वापरतात. त्यांच्या मुलांच्या हाती आणखी काही येईल. प्रत्येक साधन मुलाच्या मनातील गणिताचा थोडा भाग दाखविते आणि थोडा झाकते. झाकलेला भाग पाहण्यासाठी मुलाच्या शेजारी बसावे लागते, आणि तेवढे बसण्याचे काम आजही शिक्षकाचेच आहे.